चौफुलीवरचा कोट

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी माझं कपाट बघायला मागितलं. मी एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने एकेक हँगर सरकवत होते. तपकिरी चौकड्यांचं जाकीट झालं, निळा फ्रॉक झाला, रेशमी रुमाल झाले, आणि धाकटीने मला मध्येच अडवलं. "आजी, काळा कोट कुठाय?" तुमचे आजोबा पलीकडच्या खोलीतून ओरडले, "त्याचं विचारू नका, मोठं रामायण आहे!" आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली, वायफाय गेलं, तुमचे चेहरे गेले.

ते रामायण फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहून काढते. तुमची आई म्हणते की तुम्हाला मराठी वाचता येतं, पण वेळ लागतो. लागू दे.

आधी हे कपडे माझ्याकडे कसे येतात ते सांगते, कारण तुमच्या मित्रमैत्रिणींना तुम्ही काहीतरी भलतंच सांगत असणार. जळगावात मे महिना तुम्ही अनुभवलाय, पण डिसेंबर-जानेवारी तुम्ही कधी बघितलेला नाही. तेव्हा सातपुड्याकडून असा वारा सुटतो की सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं. थंडी पडली की हमरस्त्याच्या कडेला मोकळ्या मैदानात ताडपत्र्या टाकून जुन्या गरम कपड्यांचे ढीग घेऊन विकणारे बसतात. परदेशात लोकांनी टाकलेले कपडे बंदरावर गठ्ठ्यांनी येतात आणि गावोगाव फुटत फुटत आमच्यापर्यंत पोचतात. ते घेणारे बहुतेक शेतकरी आणि मजूर. चोपड्याकडे पहाटे केळीच्या बागेला पाणी द्यायला निघालेला माणूस इटलीत शिवलेल्या ओव्हरकोटात दिसतो, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती आजोबांसाठी मफलर शोधायला. ढिगात हात घातला आणि हाताला अस्तर लागलं. शिवणकाम येणाऱ्या बाईला अस्तरावरून कापड कळतं आणि शिवणीवरून शिवणारा कळतो. मी तो कपडा ओढून काढला. काळा, लोकरीचा, गुडघ्याखालपर्यंत येणारा बायकी कोट. काजं हाताने केलेली, टाके इतके बारीक की मोजायला चष्मा लागावा. मानेमागे एक छोटं पांढरं रेशमी लेबल होतं, त्यावर पॅरिसच्या एका फार मोठ्या डिझायनरचं नाव. मी आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं, त्यामुळे दिसेल ते छापील अक्षर वाचायची सवय. ते नाव मी कॉलेजात असताना मासिकांत वाचलेलं होतं. त्या काळी माझ्याकडे दोन सुती साड्या होत्या आणि ते मासिकही वाचनालयाचं होतं. विकणारा म्हणाला, "मावशी, तो जुना आहे, हा घ्या, नवा दिसतो," आणि त्याने माझ्यासमोर नायलॉनचं गुलाबी जाकीट नाचवलं.

तिथून मला नाद लागला. गेली काही वर्षं दर हिवाळ्यात मी ढीग उपसते. हाताला लागेल ते घेत नाही. मला अंगात घालता येईल तेच घेते आणि घेतलेलं घालतेच. हौसेने घेऊन कपाटात पुजायचं मला पटत नाही. घरी आणलं की आधी उन्हात, मग सावलीत. मग रफू, बटणं, ओल्या फडक्यावरून इस्त्री. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे, कडुलिंबाची वाळलेली पानं आणि लवंगा. प्लास्टिकच्या पिशवीत लोकर कुबट होते, म्हणून प्रत्येक कोट मी लाल खारव्याच्या चौकोनात बांधून ठेवते. खारवा म्हणजे दुकानदार वह्या बांधतात ते जाडंभरडं लाल कापड. एका कापडवाल्याकडे आख्खा तागा पडून होता, तो मी उचलला.

आणि मग हे सगळं घालून मी जगते. चौकड्यांचं जाकीट खादीच्या साडीवर बँकेत जाताना. रेशमी शर्ट, जो इटलीतल्या कोणा नामवंताचा आहे, तो साडीवर ब्लाउज म्हणून. तुमच्या आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती कपाळावर हात मारून बसली. घोड्यांची चित्रं असलेला रेशमी रुमाल मी मे महिन्यात डोक्याला आणि तोंडाला गुंडाळून मेहरूण तलावाकडून येते, स्कूटरवरच्या मुली गुंडाळतात तसा. आणि थंडीत तो काळा कोट, पाचवारी साडीवर, पायात मोजे आणि चपला. भाजीवाली मला दुरूनच हाक मारायची, "काय बाई, आज कोणत्या देशाला?" मी म्हणायची, "भरताच्या वांग्यांच्या!" मग ती मला पांढरट हिरवी, हाताला हलकी लागणारी वांगी निवडून द्यायची.

तुम्ही या कपड्यांना व्हिंटेज म्हणता. इथे तसा शब्द नाही. इथे कपडा एकतर नवा असतो, नाहीतर कोणाच्या तरी अंगावरून उतरलेला असतो. 'उतरलेला' हा शब्द नीट लक्षात ठेवा. त्यात नुसतं जुनेपण नाही. जो माणूस तो घालत होता त्याचं दुखणं, त्याचं नशीब, सगळं त्या कपड्याला थोडं थोडं चिकटलेलं असतं, असं इथे पुष्कळ लोक मनातून मानतात. शिकलेलेही मानतात, बोलत नाहीत इतकंच.

बोलणारी एक होती, ती म्हणजे माझी नणंद. आजोबांची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो, तुम्हीही लहानपणी म्हणायचात. धुळ्याला देवपूरमध्ये एकटी राहते. पंचाहत्तरी कधीच ओलांडली, पण कंबर ताठ, साडीची चूण जागच्या जागी, केस तेल लावून चापून बसवलेले. बोलते अहिराणी. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ती मला चारचौघांत पकडायची.

"काय व वहिनी, तुले लुगडा कमी पडनात का? मरेल मडमना कोट कसाले घालस?"

"अक्का, मडम मेली कशावरून?"

"मंग? जित्ती ऱ्हाती तर असा कोट टाकती का?"

मला स्वतःलाही वाटायचं की जिवंतपणी हा कोट कोणी टाकणार नाही.

अक्कांचा मुलगा कॅनडात आहे. तो तिला दरवर्षी बोलवायचा आणि ती दरवर्षी काहीतरी कारण काढायची. गुडघे, डोळे, शेजारणीच्या मुलीचं लग्न. त्याला मुलगी झाली. ती नात पालथी पडली, बसली, चालली, बोलायला लागली, आणि हे सगळं अक्कांनी हाताच्या तळव्याएवढ्या पडद्यावर बघितलं. हे कसं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. खरं कारण मला आजोबांनी सांगितलं. तिला दोन गोष्टींची भीती होती: तिकडच्या थंडीची, आणि विमानतळावर आपण गावंढळ दिसू याची. मुलाने तिकडून फुगीर जाकीट पाठवलं, ते तिने एकदा घालून आरशात बघितलं आणि म्हणाली, "हाई तर गादी शे," आणि खरंच गादीखाली घालून ठेवलं.

मागच्या हिवाळ्यात ती आमच्याकडे जळगावला राहायला आली होती. एका सकाळी ती गच्चीवर कुडकुडत चहा पीत होती. मी तो काळा कोट तिच्या खांद्यांवर टाकला. मग तिने एक हात बाहीत घातला, मग दुसरा. आता त्या कोटाची करामत सांगते. त्याच्या बाहीचा मुंढा असा कापलाय की हात वर केला तरी कोट वर चढत नाही, आणि पाठीत खालपर्यंत असा घेर सोडलाय की साडीच्या निऱ्या आणि पदर त्यात गुपचूप बसतात. जणू शिवणाऱ्याने कधीतरी साडी नेसलेली बाई मनात धरली होती. अक्का खाली आली आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. बराच वेळ. ती एखाद्या शाळेची मोठी बाई दिसत होती. जेवायच्या वेळेपर्यंत तिने तो काढला नाही.

काढताना म्हणाली, "ऊब चांगली शे. पन कोन व्हती ती बाई, काय व्हयनं व्हतं तिले, देव जाने."

आणि मग यंदा दिवाळीनंतर तिचा फोन आला. आजोबांशी नाही, माझ्याशी. "वहिनी, तू तो कोट देशी तर मी जासू."

मी देते म्हटलं. लगेच म्हटलं. मनात थोडं चिरलं, खोटं कशाला बोलू. माझ्या सगळ्या कपड्यांत तो एक होता. पण तिकीट निघालं, व्हिसा झाला, जानेवारीतला दिवस ठरला. निघायच्या आदल्या दिवशी अमावास्या येत होती. अक्का अमावास्येला उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. मला असलं काही नाही, म्हणून मी अमावास्येच्या सकाळीच जळगावहून एसटीने निघाले. दुसऱ्या दिवशी पहाटे भाड्याच्या गाडीने तिला मुंबईच्या विमानतळावर पोचवायचं, असं ठरलं होतं. आजोबांचे गुडघे त्यांना प्रवास करू देत नाहीत. त्यांनी बहिणीच्या गाडीसमोर फोडायला एक नारळ दिला आणि गाडीला लावायला कुंकवाची पुडी. माझ्या एका हातात माझी बॅग, दुसऱ्या हातात भाच्यासाठी बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा. मग नारळ आणि पुडी मी कोटाच्या गाठोड्यातच वरच्या गाठीत खोचली. पारोळ्याच्या घाईगर्दीत मला बस लागायला लागली, तेव्हा हुंगायला बरोबर घेतलेलं लिंबूही नंतर त्याच गाठीत गेलं. हे सगळं सांगतेय त्याला कारण आहे.

धुळ्याला उतरून मी रिक्षा केली आणि देवपूरला पोचले. अक्का दारात उभी होती. पायात मुलाने पाठवलेले बूट, कारण ती आठवडाभर घरात ते घालून चालायची सवय करत होती. तिने मला आत येऊही दिलं नाही.

"कोट आना का?"

मी वळले. बॅग होती. डबा होता. गाठोडं नव्हतं. रिक्षा गेलेली होती.

मी वस्तू विसरणारी बाई नाही, हे तुमची आई सांगेल. म्हणूनच मला काही सुचेना. मी ते एसटीत डोक्यावरच्या फळीवर ठेवल्याचं मला स्वच्छ आठवत होतं, आणि खाली काढल्याचं काही केल्या आठवेना. मी म्हटलं, "अक्का, बसमध्ये राहिलं वाटतं. आणते मी."

अक्का खाटेवर बसली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. मला रागावलेला चालला असता. तो सुटल्यासारखा दिसत होता. तिने वाकून एक बूट काढला, मग दुसरा, आणि दोन्ही खाटेखाली सरकवले.

"चाला, बरं व्हयनं. देवनीच सांगं. माले नही जानं."

"अक्का, कोटाचं काय एवढं? तिकडे नवा घेतील."

"मी सांगं व्हतं ना, कोट ऱ्हायना तर जासू. कोट नही, तर मी नही."

तिने आपल्या मुलाला फोन करायला घेतला. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला. म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबा, मग करा. माझ्या पुढे काय होतं ते मला चांगलंच दिसत होतं. कोट हरवला तर मी हळहळले असते आणि आठ दिवसांनी त्यावर विनोद केले असते. पण ही बाई आज थांबली तर पुन्हा कधीच निघणार नव्हती. ती नात फोनवरच मोठी झाली असती.

शेजारच्या पोराने मला स्कूटरवरून दुसऱ्या पुलाने बसस्थानकावर सोडलं. तिथे चौकशीच्या खिडकीत बसलेल्या माणसाने शांतपणे विचारलं, "मावशी, गाडी कोणती?" गाडी पुढे गेली होती. त्याने फोन लावला, तो लागेना. मी बाकावर बसले. पुन्हा लावला. शेवटी कंडक्टर भेटला आणि म्हणाला की फळीवर काहीही नाही, एका बाईला लाल गाठोडं धुळ्याला उतरवताना त्याने स्वतः बघितलं. ती बाई मीच. म्हणजे रिक्षात. रिक्षाचा नंबर मला माहीत नव्हता. स्थानकाबाहेरच्या रिक्षावाल्यांना विचारून झालं. प्रत्येकाने सहानुभूतीने मान हलवली. आजोबांचा फोन आला: "पोलिसांत सांगायचं का?" मी म्हटलं, "काय सांगू? एक मेलेली मडम हरवली आहे म्हणून?" दोघांनाही हसू आलं नाही.

दुपार कलली होती. मी दुसरी रिक्षा केली आणि परत निघाले. अक्कांना काय सांगायचं त्याची मनात जुळवाजुळव करत होते. पुलाअलीकडच्या चौफुलीवर रिक्षावाल्याने एकदम हँडल वळवलं आणि उलट्या बाजूने लांबचा वळसा घेतला.

"घट्ट धरा, आजी."

"काय झालं?"

"काही नाही, तिथे कोणीतरी टाकलंय. आज अमावास्या ना."

मी सवयीने मान वळवून बघितलं.

तुम्हाला उतारा म्हणजे काय ते सांगायला हवं. घरातल्या कोणाला बाधा झाली, दुखणं हटत नाही, असं वाटलं की काही लोक त्याच्यावरून नारळ, लिंबू, कुंकू, कधी कापड ओवाळतात आणि ते चौफुलीवर नेऊन टाकतात. पीडा त्या वस्तूंबरोबर तिथे राहते. ज्याने ती ओलांडली किंवा उचलली, त्याला ती लागते. त्यामुळे रस्त्यात पडलेला उतारा कोणी शिवत नाही. गाड्या वळसा घेतात. झाडणाराही बाजूने झाडतो.

चौफुलीच्या मध्यावर लाल खारव्याचं गाठोडं पडलं होतं. गाठ सैल झालेली. नारळ अर्धा बाहेर आलेला. लिंबू हातभर लांब घरंगळलेलं. कुंकवाची पुडी फुटून सगळं लालभडक झालेलं. आणि त्या लालातून एक काळी बाही बाहेर लोंबत होती. खरं सांगते, मला ठाऊक नसतं तर मीसुद्धा वळसा घेतला असता. सकाळच्या रिक्षात गाठोडं माझ्या पाठीमागच्या जागेत ठेवलं होतं आणि गतिरोधकावर ते मागच्या मागे उडालं असणार. सकाळपासून अख्खं धुळं त्याला वळसा घालून जात होतं. इतका सुरक्षित तो कोट माझ्या कपाटातही कधी नव्हता.

"थांबव! थांबव रे!"

मी उतरून धावले. माझ्या वयाला जमेल तसं धावले. कडेला हातगाडी लावून उभी असलेली एक भाजीवाली किंचाळली, "ओ आजी! हात नका लावू! सकाळपासून पडलंय ते. मी माझी गाडी तिकडची इकडे आणली त्याच्यापायी!"

"अहो, माझंच आहे ते."

ती दोन पावलं मागे सरकली. "तुमचं? म्हणजे तुम्ही टाकलं? बघा हो, एवढ्या शिकलेल्या दिसतात! भर रस्त्यात टाकतात, लोकांची पोरंबाळं येतात-जातात इथून!"

"टाकलं नाही हो, पडलं रिक्षातून. यात माझा कोट आहे."

"असंच म्हणतात सगळे."

मी तिला दाखवावं म्हणून तिथेच गाठ सोडली, आणि कडुलिंबाची वाळकी पानं, लवंगा आणि वेखंडाचे तुकडे रस्त्यावर सांडले. भाजीवालीने तोंडाला पदर लावला. आता माझ्या बाजूने बोलायला काही उरलंच नव्हतं. तोवर चारपाच माणसं लांबून गोल करून उभी राहिली होती. कोणी म्हणालं, "आजींना घरी सोडा कोणीतरी." मी कोट झटकला, उलटा करून अस्तर बघितलं, शिवणी बघितल्या. कुठे ओरखडा नाही, फाटलेलं नाही. एका बाहीवर कुंकू, बस. मला एवढं मोकळं वाटलं की मी भर चौफुलीवर मोठ्याने हसायला लागले. त्याने लोकांची खात्रीच पटली.

रिक्षावाला हात जोडून उभा होता. "आजी, तुम्ही बसा. पण ते नाही घेणार मी. माझं लेकराबाळांचं घर आहे."

"पैसे जास्त देते."

"पैशाचं नाही हो."

त्याचं मला पटलं. त्याच्या जागी त्याचं बरोबर होतं. मग मी नारळ आणि लिंबू माझ्या पर्समध्ये टाकलं, खारवा घडी करून काखेत मारला आणि त्या कलत्या उन्हात कोट अंगात चढवला. बटणं लावली. म्हटलं, "आता काय करतोस? माणूस तर घेशील ना?"

मग त्याने आरशाला बांधलेल्या लिंबू-मिरचीला हात लावून कपाळाला लावला आणि रिक्षा सुरू केली. मागून भाजीवाली ओरडली, "पण कोट चांगलाय हो!"

मी वाटेत ठरवलं होतं की अक्कांना चौफुलीचं काही सांगायचं नाही. बसमध्ये सापडला म्हणायचं. पण रिक्षावाल्याने दारात थांबल्या थांबल्या आत हाक मारली. "घरात कोण आहे? यांना समजवा जरा. चौफुलीवरचं उचलून आणलंय, वर अंगात घातलंय!"

अक्का बाहेर आली. मी अंगणात उभी, घामाने निथळत, काळा लोकरी कोट घातलेली, बाहीवर कुंकू. मला वाटलं, संपलं. आधी नुसती मडम होती, आता वर उतारा.

अक्का माझ्याभोवती एक चक्कर मारून आली. मग रिक्षावाल्याची झडती सुरू झाली. केव्हापासून पडलं होतं? सकाळपासून. कोणी हात लावला? कोणी नाही. कुत्रं? कुत्रंसुद्धा नाही. गाडीचं चाक? सगळे वळसा घेत होते. मग मला विचारलं, "नारळ कोठे शे?" मी पर्समधून काढून दिला. तिने तो कानाशी धरून हलवला.

"मंग चांगलंच व्हयनं," ती म्हणाली.

मला काही कळलं नाही. रिक्षावाल्यालाही नाही.

"तुले समजत नही का व, एवढी शिकेल तू? त्या मडमनं जे काय व्हतं, दुखणं, रोग, काय व्हतं ते, ते या कोटमा व्हतं. माले तेच लागे जीवले. आते कोट दिनभर चौफुलीवर ऱ्हायना. नारळ शे, लिंबू शे, कुंकू शे, अमावास्या शे. बठ्ठं तठेच पडी गयं. लोकेसनी उतारा समजी लिधा ना? मंग तो उताराच!"

तिने माझ्या अंगातला कोट काढून घेतला, दारातच हाताने कुंकू झटकलं आणि घातला. "आते हाऊ कोट चोखा शे. आते मना शे."

रिक्षावाला डोकं खाजवत म्हणाला, "हे बी बरोबर आहे." मी आयुष्यभर मुलांना निबंधात मुद्दे कसे मांडायचे ते शिकवलं. यात खोडायला एकच जागा होती, उचलणारी मी होते, पण ती दाखवायची मला इच्छा नव्हती. मी पायरीवर बसले. अक्का आत गेली आणि खाटेखालून बूट ओढल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीसमोर नारळ फुटला. नारळ निर्मळ निघाला, पाणी गोड होतं. मुंबईपर्यंत अक्का कोटातच बसली, नाशिकच्या पुढे गरम व्हायला लागलं तरी. विमानतळावर मला आत सोडणार नव्हते. दारातल्या शिपायाने तिचा पासपोर्ट बघितला, मग तिच्याकडे, मग कोटाकडे, आणि आपण होऊन तिची बॅग उचलून आत ठेवली. ती वळली नाही. काचेतून मला पाठीतला तो घेर दिसत होता, आणि मग गर्दीत तोही दिसेनासा झाला.

पुढचा दिवस मी कसा काढला ते आजोबांना विचारा. मग भाच्याचा फोन आला. "मामी, आई पोचली. झोपलीय. पोरगी तिच्या अंगावर झोपलीय." मी फोन ठेवला आणि दुपारचे भर बारा वाजलेले असताना जाऊन आडवी झाले, आणि संध्याकाळपर्यंत मला जाग आली नाही.

गेल्या आठवड्यात अक्कांनी व्हिडिओ कॉल केला. तोंड भरून तक्रारी. भाजीला चव नाही, दूध पातळ, सूर्य लवकर पळून जातो. आणि मुख्य म्हणजे, "अठे घरमा उन्हाळा शे. कोट घालीसन कोठे जाऊ? कचरा टाकाले जास तवय घालस, बस." मी विचारलं, कधी परत येणार? ती म्हणाली, बघू, पोरीला सोडवत नाही. तेवढ्यात मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. अक्का "माय व माय, काय सांडं?" करत उठली आणि फोन तसाच टेबलावर ठेवून गेली. मला तिच्या स्वयंपाकघराचं पांढरं छत दिसत होतं. आतून पोरीचं खिदळणं आणि अक्कांचं रागावणं, दोन्ही एकदम ऐकू येत होतं. आजोबा म्हणाले, ठेव आता, ती विसरली. पण मी फोन ठेवला नाही. बराच वेळ ते छत बघत, ऐकत बसले.